मुहम्मद अलींना पुन्हा गप्प करू नका

मुहम्मद अली ३ जून २०१६ रोजी गेले. तेव्हापासून दरवर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात आपल्या मोबाइलवर त्यांचे ठरलेले दोन-तीन फोटो फिरतात. एकात ते खाली पडलेल्या सनी लिस्टनवर ओरडत उभे असतात, दुसऱ्यात दुआसाठी हात उचललेले असतात. खाली लिहिलेलं असतं, ‘इस्लामचा शेर’. १९ मेला मॅल्कम एक्स यांचा जन्मदिवस असतो, तेव्हा त्यांचा चष्म्यातला फोटो फिरतो. जानेवारीत अमेरिका मार्टिन ल्यूथर किंग यांच्या नावाची सुट्टी घेते, तेव्हा त्यांच्या स्वप्नाबद्दलचं एक वाक्य इकडेही येऊन पोचतं. माणसं आठवली जातात, याचं वाईट वाटायचं कारण नाही. पण या आठवणींत एक गोष्ट हटकून गाळलेली असते. ही माणसं कोणाच्या विरोधात उभी होती आणि त्यापायी त्यांनी काय गमावलं, हे त्यात कुठेच नसतं.

माणसाला त्याच्या भांडणातून वेगळं काढून आठवायचं, याला मी सन्मान मानत नाही. जिवंतपणी ज्यांनी त्याचं तोंड बंद करायचा प्रयत्न केला, त्यांचं अपुरं काम आपण हार घालून पुरं करतो. अमेरिकेने आपल्या काळ्या कलावंतांशी, खेळाडूंशी, नेत्यांशी हे वर्षानुवर्षं केलं आहे. आपण मराठी मुसलमानही तेच करतो, फक्त आपली कात्री वेगळ्या जागी चालते. (‘कृष्णवर्णीय’ हा सभ्य शब्द मी मुद्दाम टाळतो आहे. ज्या शब्दाने हिणवलं गेलं तोच शब्द त्या लोकांनी साठच्या दशकात अभिमानाने मिरवला. आपण तो सोवळ्यात गुंडाळायची गरज नाही.)

अलींपासूनच सुरुवात करू. २८ एप्रिल १९६७ हा दिवस किती जणांना माहीत आहे? टेक्सासमधल्या ह्यूस्टनचं लष्करभरती केंद्र. नाव पुकारलं की एक पाऊल पुढे टाकायचं; पाऊल टाकलं की तुम्ही सैनिक झालात. पंचवीस वर्षांच्या जगज्जेत्या मुष्टियोद्ध्याचं नाव पुन्हा पुन्हा पुकारलं गेलं आणि तो जागचा हलला नाही. व्हिएतनाममध्ये जाऊन लढायला त्याने नकार दिला. त्याच दिवशी न्यूयॉर्कच्या नियामक मंडळाने त्याचा परवाना आणि किताब काढून घेतला. २० जूनला न्यायालयाने दोषी ठरवलं: पाच वर्षं कैद, दहा हजार डॉलर दंड, पासपोर्ट जमा. अपील चालू असल्यामुळे तुरुंग टळला, पण साडेतीन वर्षं रिंगचं दार बंद राहिलं. मुष्टियोद्ध्याच्या आयुष्यात पंचवीस ते अठ्ठावीस ही वर्षं म्हणजे काय असतात, हे कोणत्याही तालमीतल्या पोराला विचारा. ती परत मिळत नाहीत.

२८ जून १९७१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध शून्य अशा मताने शिक्षा रद्द केली. त्या खटल्याचं नाव आजही कायद्याच्या पुस्तकांत ‘क्ले विरुद्ध युनायटेड स्टेट्स’ असंच आहे. म्हणजे जिंकले, तरी १९६४ साली टाकून दिलेल्या नावाने. मोठमोठी वर्तमानपत्रंही कित्येक वर्षं ‘क्ले’च छापत राहिली. काळ्यांची आडनावं बहुधा त्यांच्या पूर्वजांच्या मालकांकडून आलेली असतात. ते नाव नाकारणं हा एक राजकीय निर्णय होता. महाराष्ट्राला हे समजावून सांगायची गरज नाही. जात चिकटलेली नावं आणि आडनावं टाकून देणारी माणसं इथल्या प्रत्येक जिल्ह्यात भेटतात.

मग अमेरिकेला अली आवडायला लागले ते कधी? १९८४ मध्ये पार्किन्सन्सचं निदान झालं. हळूहळू हात थरथरायला लागले, जीभ जड झाली. १९९६ साली अटलांटा ऑलिंपिकची ज्योत त्याच थरथरत्या हाताने पेटवली तेव्हा अख्खा देश रडला. २००५ मध्ये राष्ट्राध्यक्ष बुश यांनी त्यांच्या गळ्यात देशाचं सर्वोच्च नागरी पदक घातलं. तेव्हा बुश यांचंच सैन्य इराकमध्ये होतं. युद्धाला नकार देणाऱ्याला युद्ध करणाऱ्याने गौरवलं आणि टाळ्या पडल्या. हे जमलं, कारण ज्या जिभेची भीती होती ती आता चालत नव्हती.

पुढचं तर आणखी बोलकं आहे. डिसेंबर २०१५ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांनी मुसलमानांना अमेरिकेत येऊ न देण्याची भाषा केली, तेव्हा आजारी अलींनी त्याविरुद्ध निवेदन काढलं. सहा महिन्यांनी ते गेले. फेब्रुवारी २०१७ मध्ये त्यांच्या मुलाला फ्लोरिडातल्या विमानतळावर अडवून त्याचा धर्म विचारला गेला. २०१८ साली ट्रम्प यांनी जाहीर केलं की आपण अलींना माफी देण्याचा विचार करतो आहोत. अलींच्या वकिलाला सांगावं लागलं की आभारी आहोत, पण शिक्षा १९७१ मध्येच रद्द झाली आहे, माफ करायला काही उरलेलं नाही. आणि २०१९ मध्ये लुईव्हिलच्या विमानतळाला अलींचं नाव दिलं गेलं. मुलाची विमानतळावर चौकशी आणि बापाच्या नावाचा विमानतळ, दोन्ही एकाच देशात, दोन वर्षांच्या अंतराने.

किंग यांची गोष्ट वेगळी नाही. आज त्यांच्याबद्दल वाईट बोलणारा अमेरिकन शोधून सापडणार नाही. ऑगस्ट १९६६ मध्ये गॅलपने पाहणी केली तेव्हा ६३ टक्के लोकांचं त्यांच्याबद्दलचं मत प्रतिकूल होतं. एफबीआयने त्यांचे फोन ऐकले आणि १९६४ साली एक निनावी पत्र पाठवून आत्महत्या सुचवली. ४ एप्रिल १९६७ रोजी न्यूयॉर्कच्या रिव्हरसाइड चर्चमध्ये ते व्हिएतनाम युद्धाविरुद्ध बोलले, तेव्हा मित्र म्हणवणारी वर्तमानपत्रंही उलटली. बरोबर एका वर्षाने, ४ एप्रिल १९६८ रोजी, मेम्फिसमध्ये त्यांना गोळी घातली गेली. मेम्फिसला ते कशासाठी गेले होते? कचरा उचलणाऱ्या कामगारांच्या संपासाठी. दोन कामगार कचऱ्याच्या गाडीत चिरडून मेले होते आणि बाकीचे ‘मी माणूस आहे’ असे फलक घेऊन रस्त्यावर चालत होते. स्वप्नाचं वाक्य प्रत्येक शाळेत म्हटलं जातं. कचरा कामगारांचा संप त्या पोस्टरवर मावत नाही.

जे कापून पोस्टरवर बसवता येतात, त्यांचे पुतळे होतात. जे बसत नाहीत त्यांना विसरलं जातं. पॉल रोबसन हे त्याचं उदाहरण. वडील गुलामगिरीतून पळून सुटलेले. मुलगा फुटबॉलमध्ये गाजला, कोलंबिया विद्यापीठातून वकील झाला आणि वकिली सोडून रंगभूमीवर गेला. १९४३ मध्ये ब्रॉडवेवर त्यांनी ऑथेल्लो केला, त्याचे २९६ प्रयोग झाले. असा आवाज त्या काळात दुसरा नव्हता. पण हा माणूस गात असतानाच काळ्यांना झाडाला लटकवून मारण्याविरुद्ध कायदा मागत होता, वसाहतवादाला शिव्या देत होता आणि रशियाशी मैत्री हवी म्हणत होता. १९५० मध्ये त्यांचा पासपोर्ट रद्द झाला. सभागृहं मिळेनाशी झाली. १९५२ मध्ये कॅनडाला जाऊ दिलं नाही, तर ते सरहद्दीवर एका ट्रकवर उभे राहून गायले आणि दोन्ही देशांच्या बाजूला माणसं ऐकत उभी राहिली. १९५७ मध्ये लंडनच्या श्रोत्यांसाठी समुद्राखालच्या टेलिफोनच्या तारेवरून गायले. पासपोर्ट परत मिळाला तो आठ वर्षांनी, १९५८ मध्ये. कॉलेज फुटबॉलच्या मानकऱ्यांत त्यांचं नाव घेतलं गेलं १९९५ साली, मृत्यूनंतर एकोणीस वर्षांनी.

इथे सोव्हिएत रशियाबद्दल रोबसन चुकले नाहीत का, असं कोणी विचारेल. स्टालिनच्या तुरुंगांबद्दल ते बोलले नाहीत, हा त्यांच्या आयुष्यातला खराखुरा डाग आहे आणि तो पुसायची मला गरज वाटत नाही. पण पासपोर्ट त्यासाठी गेला नव्हता. अमेरिकेतल्या काळ्यांचे हाल ते परदेशात जाऊन सांगतात, हा सरकारचा आक्षेप होता. आणि १९५८ मध्ये त्यांच्या साठाव्या वाढदिवसाला भारताने काय केलं ते आठवा. पंतप्रधान नेहरूंनी जाहीरपणे गौरव केला आणि त्या समारंभासाठीच्या समितीचे प्रमुख होते मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला. एका मुंबईकर मुसलमान न्यायमूर्तीने, पासपोर्ट नसलेल्या काळ्या गायकासाठी, तेही अमेरिकेला रुचणार नाही हे ठाऊक असताना, आपलं नाव पुढे केलं. आज आपल्याला भूपेन हजारिकांचं गंगेवरचं गाणं माहीत असतं. त्याचं मूळ रोबसन यांच्या मिसिसिपी नदीवरच्या गाण्यात आहे, हे माहीत नसतं.

बिली हॉलिडे यांचंही तेच. झाडांना लटकवलेल्या काळ्या देहांवरचं ‘स्ट्रेंज फ्रूट’ हे गाणं त्यांनी १९३९ मध्ये गायलं, तेव्हा त्यांच्या नेहमीच्या कंपनीने ते ध्वनिमुद्रित करायला नकार दिला. एका छोट्या कंपनीने केलं. अमली पदार्थविरोधी खात्याने आयुष्यभर पिच्छा पुरवला आणि १९५९ मध्ये न्यूयॉर्कच्या इस्पितळात मरणपंथाला लागल्या असताना खाटेवरच अटक दाखवली. चाळीस वर्षांनी, १९९९ मध्ये, ‘टाइम’ने तेच गाणं शतकातलं सर्वोत्तम गाणं ठरवलं. शतक संपल्यावर ठरवायला धाडस लागत नाही.

इथवर वाचून मान डोलावणं आपल्याला सोपं जातं. अमेरिकेचा ढोंगीपणा दाखवला की आपल्या मोहल्ल्यात कोणाचंच पोट दुखत नाही. म्हणून आता आपल्या कात्रीकडे येऊ.

आपण अली आणि मॅल्कम यांना आठवतो ते मुसलमान झाले म्हणून. ते काळे होते आणि काळे म्हणून लढत होते, हे आपल्यासाठी तपशिलात जमा होतं. गोरी अमेरिका अलींमधला मुसलमान पुसते, आपण त्यांच्यातला काळा माणूस पुसतो. शिवाय आपल्याकडे आणखी एक सोयीची फट आहे. अली आणि मॅल्कम ज्या ‘नेशन ऑफ इस्लाम’मध्ये होते, तिची शिकवण आपल्या अकिद्याशी जुळत नाही, म्हणून त्यांचा तो काळ ‘खरा इस्लाम नव्हे’ म्हणून आपण वगळतो आणि अलींची गोष्ट १९७५ पासून, सुन्नी झाल्यापासून सांगतो. पण सैन्यभरतीला नकार १९६७ चा आहे. ज्या एका कृतीमुळे जग अलींना आठवतं, ती त्यांनी ‘नेशन’मध्ये असतानाच केली. अकिद्याची चर्चा उलेमांनी करावी. पण माणसाची हिंमत त्याच्या अकिद्याच्या तारखेनुसार मोजता येत नाही.

मॅल्कम यांच्याबाबत तर आपण कमालच करतो. एप्रिल १९६४ मध्ये त्यांनी हज केला. मक्केहून लिहिलेल्या पत्रात त्यांनी सांगितलं की गोऱ्या, काळ्या, सगळ्या रंगांच्या माणसांबरोबर आपण एकाच ताटात जेवलो आणि हे आपण अमेरिकेत कधी पाहिलं नव्हतं. आपल्या तकरिरींत हे पत्र इस्लामला मिळालेल्या प्रशस्तिपत्रकासारखं वाचलं जातं आणि गोष्ट तिथेच संपते. मॅल्कम यांची गोष्ट तिथे संपली नाही. हजनंतर ते जेमतेम दहा महिने जगले. त्या दहा महिन्यांत त्यांनी अमेरिकेतल्या काळ्यांची नवी संघटना उभी केली, कैरोत आफ्रिकी राष्ट्रांच्या प्रमुखांसमोर अमेरिकेला संयुक्त राष्ट्रांत खेचण्याची मागणी मांडली, गाझाला जाऊन आले. १४ फेब्रुवारी १९६५ ला त्यांचं घर पेटवलं गेलं. २१ फेब्रुवारीला न्यूयॉर्कमध्ये, भरसभेत, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी त्यांना मारलं. गुन्हा कबूल करणारा मारेकरी ‘नेशन’चा, म्हणजे स्वतःला मुसलमान म्हणवणाराच होता. त्याच्याबरोबर शिक्षा झालेले दोघे निर्दोष होते, हे न्यायालयाने मान्य केलं नोव्हेंबर २०२१ मध्ये. पोलिसांनी आणि एफबीआयने पुरावे दडवले होते. तोवर दोघांची वीसहून जास्त वर्षं तुरुंगात गेली होती आणि त्यातला एक मरून बारा वर्षं झाली होती. आपल्याकडच्या ज्या मुसलमान पोरांनी कच्च्या कैदेत तारुण्य घालवलं आणि मग निर्दोष सुटले, त्यांच्या घरच्यांना ही गोष्ट परकी वाटणार नाही. तकरिरीत मात्र ती कधी येत नाही.

‘इस्लाममध्ये रंगभेद नाहीच’ हे उत्तर मला लगेच ऐकू येतं. हजरत बिलाल यांचं नाव घेतलं जातं, पैगंबरांच्या अखेरच्या हजच्या खुत्ब्याचा दाखला दिला जातो. दोन्ही खरं आहे. पण तो खुत्बा आपल्यावर टाकलेली जबाबदारी आहे, भिंतीवर टांगायची सनद नाही. आपल्या घरात काय चालतं? मुलाचं स्थळ बघताना पहिली अट ‘गोरी हवी’. नाहीतर ‘काळीसावळी आहे, पण नाकीडोळी नीटस’ अशी समजूत. बिलाल हे नाव पोराला ठेवायचं आणि सून मात्र बिलालच्या रंगाची नको. ‘हबशी’ हा शब्द आपल्या बोलण्यात शिवीसारखा येतो, तोही महाराष्ट्रात. याच मातीत हबशी मलिक अंबरने मुघलांना वर्षानुवर्षं झुंजवलं, खडकी शहर वसवलं, तिथे नहर आणली, आणि तो खुलताबादला दफन आहे. मुरूडच्या जंजिऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या सिद्दींनी राज्य केलं. आणि रंगाच्या बरोबरीने बिरादरी. बागवान, तांबोळी, पिंजारी, छप्परबंद, मुलाणी यांच्यात आपसांत निकाह किती होतात? सय्यद घराणं मन्सूरी जावई करून घेतं का? बाबासाहेबांनी १९४० सालीच फाळणीवरच्या पुस्तकात मुसलमानांमधल्या जातींवर बोट ठेवलं. त्यावर आपण रागावलो, उत्तर मात्र दिलं नाही.

अली गेले त्याच्या दोनच आठवडे आधी, २० मे २०१६ च्या रात्री, दिल्लीच्या वसंत कुंजमध्ये रिक्षावरून झालेल्या वादात एका कांगोली तरुणाला मारहाण करून ठार केलं गेलं. दिल्लीतल्या आफ्रिकी राजदूतांनी निषेध केला. आपल्या किती वर्तुळांत त्यावर एक ओळ लिहिली गेली? आणि जूनमध्ये अलींवर किती? आपल्याला नावामुळे भाड्याने घर मिळत नाही, याबद्दल आपण योग्यच चिडतो. मग आफ्रिकी विद्यार्थ्याला त्याच्या रंगामुळे खोली नाकारली जाते तेव्हा, ती नाकारणारा घरमालक आपल्यातला असो वा दुसऱ्यातला, आपण गप्प का?

‘अमेरिकेतल्या काळ्यांचं आपल्याला काय?’ असं विचारणाऱ्यांसाठी महाराष्ट्राचाच इतिहास पुरेसा आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेत निग्रो गुलामांना मुक्त करण्यासाठी झिजलेल्या माणसांना. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये काळ्यांचे विचारवंत डु बॉइस यांना पत्र लिहून त्यांची संयुक्त राष्ट्रांकडे केलेली याचिका मागवली. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती ब्लॅक पँथरचं नाव घेऊन. दलित चळवळीने काळ्यांकडून लढायची रीत घेतली. आपण फोटो घेतला.

आठवण काढताना माणसाला देव करायचं नाही, हेही त्यात येतं. अलींनी जो फ्रेझर या काळ्या मुष्टियोद्ध्याला ‘गोरिला’ म्हणून हिणवलं. गोऱ्यांची शिवी एका काळ्याने दुसऱ्या, आपल्याहून गडद रंगाच्या काळ्याला घातली. २००१ मध्ये अलींनी त्याबद्दल जाहीर दिलगिरी व्यक्त केली. १९६४ मध्ये ‘नेशन’ सोडलेल्या मॅल्कमकडे त्यांनी घानात पाठ फिरवली होती. २००४ च्या आपल्या पुस्तकात त्याचा पश्चात्ताप लिहून ठेवला. ज्याला स्वतःच्या चुका मोठ्याने सांगता आल्या, त्याच्याबद्दल आपण अर्धं सत्य का सांगावं?

मागणं फार नाही. अलींची आठवण ३ जूनला काढा, पण मुलांना २८ एप्रिलही सांगा. त्यांनी कशाला नकार दिला, नकार ऐकून कोण चवताळलं आणि त्यांची किती वर्षं गेली, हे तीन प्रश्न प्रत्येक फोटोखाली लिहा. मॅल्कमचं मक्केचं पत्र वाचा, पण पुढच्या दहा महिन्यांसकट. जुम्म्याच्या बयानात बिलाल यांचं नाव येईल तेव्हा इमामसाहेबांना अदबीने विचारा की ‘गोरी हवी’ या अटीबद्दलही दोन शब्द बोलाल का. आणि आपल्या गल्लीत एखादा आफ्रिकी विद्यार्थी खोली शोधत आला, तर मालकाशी बोलायला त्याच्याबरोबर जा.